सगळंच 'स्थलांतर' कसं चालेल?

प्रश्न असा आलाय: धुळ्यात चित्रांचं प्रदर्शन लागतंय, विषय गाव सुटलेली माणसं, पत्रकात मायग्रेशन, डिस्प्लेसमेंट, ऑप्रेशन (oppression, म्हणजे जुलूम) असे तीन शब्द आहेत, तर मराठी पाटीवर तिन्हींसाठी 'स्थलांतर' लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार भाऊ. स्थलांतर दुकानाचंही होतं, पक्ष्यांचंही होतं, हाकलून दिलं का आपणहून गेले ते कळतच नाही. बोलून बघा, 'आम्ही सुरतला स्थलांतर केलं' म्हणता येतं पण 'आम्ही विस्थापन केलं' असं स्वतःबद्दल कोण म्हणतं? ते करणारा दुसराच असतो. अक्राणी-अक्कलकुव्याची मणिबेली वगैरे 33 गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली, त्यांना स्थलांतरित म्हटलं की धरणच गायब! तिथं विस्थापित लिहा. 'प्रकल्पग्रस्त' दाखल्यावर ठीक आहे, चित्राखाली नको.

ऊसतोडीच्या चित्राचं जरा अवघड आहे. नंदुरबारकडची माणसं दिवाळीनंतर गुजरातेत तोडीला जातात, हंगाम संपला की परततात, म्हणजे स्थलांतर बरोबरच आहे, पण आधी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते आणि ती फिटेस्तोवर सुटका नसते, मग ऑप्रेशन पण आलंच की त्यात. फक्त त्याला दडपशाही लिहू नका, त्याने लाठीमार आणि जमावबंदी डोळ्यापुढे येते. पिळवणूक लिहा. आणि 'कोयता' शब्द तसाच राहू द्या, नवराबायको मिळून एक कोयता मोजतात हे कंसात सांगितलं तरी बस.

निर्वासित म्हटलं की आपल्याकडे फाळणी आठवते, पण देश सोडून जीव वाचवणाऱ्यांना तोच शब्द. चिनी कलाकार आय वेवेने 2016 मध्ये बर्लिनच्या कॉन्सर्टहाउसच्या खांबांना ग्रीसच्या लेस्बोस बेटावरची 14,000 लाइफ जॅकेटं बांधली, ती निर्वासितांचीच. परागंदा मात्र टाळा, मूळ फारसी अर्थ विखुरलेला असा असला तरी आता कर्ज बुडवून पळालेल्यासारखा वाटतो.

अजून एक, चित्रकार झरीना हाश्मींच्या 1999 च्या 'होम इज अ फॉरेन प्लेस' मध्ये 36 वुडकट (लाकडी ठशाची चित्रं) आहेत आणि प्रत्येकात एक उर्दू शब्द आहे, भाषांतराच्या भानगडीत न पडता. तुम्हीही मणिबेलीच्या चित्राखाली तिथलाच शब्द घाला, पण तो तिथल्या माणसांना विचारून, खान्देश म्हणून अहिराणी चिकटवू नका, त्या डोंगरात भिली-पावरी चालते.