वाचकांचे प्रश्न: दोन सीटांच्या गाडीत सबवूफर लपवायचा कुठे?

प्रश्न: माझ्याकडे 2001 सालची माझदा एमएक्स-5 आहे, कापडी छताची. दारातल्या स्पीकरना खर्ज अजिबात नाही. डिकीत सबवूफरचा (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचा) तयार बॉक्स ठेवून पाहिला, पण आवाज गाडीच्या आत येण्याऐवजी मागच्या गाडीवाल्यालाच जास्त ऐकू जात असावा. सीटखाली जागा नाही. काय करावं?
(एक वाचक, लेस्टर, इंग्लंड)

उत्तर: डिकीचा नाद सोडा. तुमच्या गाडीत केबिन आणि डिकी यांच्यामध्ये पत्रा आहे आणि त्याच भागात, सीटांच्या पाठीमागे, पेट्रोलची टाकी आहे. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन ही एकच खोली असते, इथे त्या दोन वेगळ्या खोल्या आहेत. म्हणून कितीही वॉट ओतले तरी नंबरप्लेट थरथरेल, तुमच्या कानाशी फारसं काही पोचणार नाही. सीटांमागच्या कट्ट्यावर बॉक्स स्क्रूने ठोकायचा विचार असेल तर तोही सोडा, कारण त्या पत्र्याखालीच टाकी आहे.

जागा एकच उरते: शेजारच्या प्रवाशाच्या पायांपुढची. तिथे 8 इंची उथळ सबवूफरचा बंद बॉक्स बसतो. आतली मापं 380 × 300 × 90 मिमी धरली तर सव्वादहा लिटर होतात. स्पीकरने व्यापलेली जागा वजा जाता साडेनऊच्या आसपास उरतात. उथळ 8 इंची स्पीकरना साधारण 8 ते 12 लिटर लागतात, तरी तुमच्या स्पीकरसोबतच्या कागदावरचा आकडाच अंतिम माना. आधी पुठ्ठ्याचा बॉक्स करून जागेवर ठेवा आणि उंच माणसाला शेजारी बसवून पाहा. पाय अवघडत असतील तर खालची बाजू जाड आणि वरची निमुळती करा, घनफळ तेवढंच ठेवून.

एमडीएफ (लाकडाच्या भुश्शाची दाबून केलेली फळी) वापरू नका. या गाड्यांत छताचं पाणी वाहून नेणारी मागच्या कोपऱ्यांतली भोकं पानं-मातीने तुंबतात आणि पाणी कार्पेटखाली उतरतं. ओला एमडीएफ पावासारखा फुगतो. 12 मिमी मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवूड) घ्या, स्पीकर बसतो ती पुढची फळी 18 मिमी. सांधे सरस लावून स्क्रूने आवळा आणि आतून सिलिकॉनची रेघ ओढा. बंद बॉक्सला केसाएवढी फट राहिली तरी खर्जाबरोबर फुसफुस ऐकू येते. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस, 100 ग्रॅमच्या आसपास, सैल भरा. मॅग्नेटमागे किमान 20 मिमी मोकळं हवं. पुढे पोलादी जाळी लावाच, बुटाचं टोक स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर एकदा बसलं की स्पीकर गेला.

बॉक्स नुसता टेकवून ठेवू नका. अपघातात तो प्रवाशाच्या नडग्यांवर आदळेल. एल-पट्ट्या आणि एम-6 बोल्टने पक्का करा, पण ड्रिल लावण्याआधी गाडीखाली शिरून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या कुठून गेल्यात ते पाहा. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरही लावायचा नाही.

अॅम्प्लिफायर मात्र डिकीत ठेवा, कारण या मॉडेलची बॅटरी डिकीतच उजव्या बाजूला आहे. 4 ओमला 150 वॉट खरे देणारा छोटा क्लास-डी अॅम्प पुरतो, तो सुमारे 14 अँपिअर खेचतो. 8 गेजची शुद्ध तांब्याची वायर, बॅटरीपासून 45 सेंमीच्या आत 30 अँपिअरचा फ्यूज. अर्थिंगसाठी जवळचा पत्रा रंग खरवडून चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून रंग मारा. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी कधीच वापरू नका. केबिनकडे स्पीकरची 2.5 चौ. मिमी वायर एका दाराच्या उंबऱ्याखालून आणि सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने न्या. बॅटरीचा वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या जोडलेल्या आहेत ना, तेही त्याच वेळी तपासा.

आता या गाडीची खरी गंमत. छत लावलेल्या लहानशा केबिनमध्ये साधारण 100 हर्ट्‌झखालचा खर्ज आपोआप वाढत जातो. सूर जितका खोल तितका बंद बॉक्सचा आवाज कमी होत जातो, तो या वाढीने बराचसा भरून निघतो. छत उघडलं की ही मदत जवळपास संपते. म्हणून डॅशबोर्डखाली खर्जाची वेगळी घुंडी बसवा आणि तिच्यावर दोन खुणा करा, छत बंद आणि छत उघडं. एकाच जागी ठेवलेली घुंडी दोन्हीपैकी एका वेळी चुकीचीच असते. सबचा लो-पास (ठरावीक आकड्याखालचेच सूर जाऊ देणारी गाळणी) 80 हर्ट्‌झला ठेवा, दारांच्या स्पीकरना तिथेच हाय-पास (त्यावरचेच सूर जाऊ देणारी). फेजचं बटण (सबच्या पडद्याची हालचाल उलटी करणारं) दोन्हीकडे करून पाहा आणि ड्रायव्हरच्या सीटवर ज्यात खर्ज भरीव येतो ते ठेवा.

आणि विमा कंपनीला कळवा. इंग्लंडमध्ये असा बदल लपवला तर दाव्याच्या वेळी अडचण होते.

प्रश्न: अॅम्प दहा मिनिटांत प्रोटेक्टवर जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. स्पीकर दोन कॉइलचा आहे, 2 + 2 ओम.

उत्तर: कॉइल समांतर जोडल्या आहेत, म्हणजे अॅम्पला 1 ओम दिसतोय. एका कॉइलचं ऋण टोक दुसरीच्या धन टोकाला जोडा, उरलेली दोन अॅम्पला. 4 ओम होतील. मग गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी घुंडी) कानाने लावू नका. स्पीकर सोडवून हेडयुनिट (डॅशबोर्डमधला स्टिरिओ) तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवा, 50 हर्ट्‌झचा टोन वाजवा आणि अॅम्पच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा. 150 वॉट, 4 ओमसाठी 24.5 व्होल्ट येईपर्यंतच गेन वाढवा.

प्रश्न: पोलो जीटीमध्ये स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारा सब घ्यावा का? (पुणे)

उत्तर: घ्या. हॅचबॅकमध्ये तिथला आवाज आत येतो. मात्र स्टेपनी काढून टाकावी लागत असेल तर नको. चाकाच्या रिंगमध्ये बसणारा प्रकार निवडा आणि डिकीच्या फळीवर बोट दाबून खडखड थांबते का पाहा. थांबली तर कडेने फेल्टची पट्टी चिकटवा. तुमची बॅटरी पुढे आहे, तेव्हा फ्यूज बॉनेटखाली बॅटरीजवळ हवा, आणि वायर जिथून आत येते त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायरीभोवतीचं कडं). पत्र्याच्या धारेवर घासलेली वायर गाडी पेटवते.