कुठल्या ओळीत अडलास?

प्रिय...

नाव मुद्दाम लिहीत नाही, तू ओळखशील. २८ फेब्रुवारीला खोडदच्या प्रदर्शनात भेटलास तू, रात्रभर एसटीत बसून आला होतास. बाकीची पोरं जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिशसमोर सेल्फी काढत होती आणि तू मान वर करून जाळीकडे बघत होतास. मला विचारलंस, मॅडम, एवढी भोकं आहेत, लाटा त्यातून निघून नाही जात का? मी म्हटलं, भोक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं आणि लाट वीतभर ते दोन मीटर लांब, तिला ती जाळी पत्र्यासारखीच. तू लगेच म्हणालास, मग पत्रा न वापरल्याने वाऱ्याचा जोरही कमी लागत असणार. बरोबर. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आपल्याकडे परवडणाऱ्या पैशात उभ्या राहिल्या त्यात या एका गोष्टीचा मोठा वाटा आहे, ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांच्या डिझाईनचं मर्मच ते. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं, उभ्या उभ्या सुचलं. म्हणून तुझं परवाचं पत्र वाचून मला वाईट वाटलं आणि खरं सांगते, रागही आला.

चार पानं लिहिलीस. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले, एमएस्सीला स्टॅट मेकला (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सला) दोनदा केटी, शेवटी ५७ टक्के, नेटला दोनदा थोडक्यात गेलं, जेस्ट या पीएचडीच्या प्रवेश परीक्षेत रँक लांबची. मित्र बँकेत लागला, दुसरा पुण्यात डेटा सायन्सचा कोर्स करतोय, वडील काही बोलत नाहीत पण जेवताना गप्प असतात. औंढा नागनाथला घरापासून तासाभरावर लायगो, गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, होतंय आणि मी मात्र इथे पडून, असंही लिहिलंस. सगळं समजलं. पण चार पानांत एकदाही तू हे लिहिलं नाहीस की स्टॅट मेकमध्ये तुला नेमकं काय आलं नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणालास, "मॅडम, बेसिकच क्लिअर नाहीत."

बेसिक म्हणजे काय रे? कुठलं बेसिक? कुठल्या पानावरचं, कुठल्या ओळीतलं? नापास झालो हे तुला माहितीये, किती मार्कांनी झालो हे तोंडपाठ आहे, पण कुठे अडलो ते माहीत नाही. मला याचाच राग येतो, कारण मी अगदी हेच केलं होतं आणि त्याची किंमत मोजलीये.

एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला मी मॅथेमॅटिकल फिजिक्समध्ये नापास झाले. २९ मार्क. घरी सांगितलं पेपर आउट ऑफ सिलॅबस होता. पुढच्या वेळी मागच्या सात वर्षांचे पेपर पाठ करून ५१ घेऊन सुटले, आणि इतकी खूश झाले की ते पुस्तक ज्युनियरला देऊन टाकलं. फूरियर ट्रान्सफॉर्मचा, म्हणजे कुठलाही आकार लाटांच्या बेरजेत फोडायचा, धडा मला तेव्हाही कळला नव्हता, नंतरही नाही. पण मार्कशीटवर पास लिहिलं होतं ना. पुढे २००१ साली पीएचडीला लागले आणि विषय घेतला रेडिओ खगोलशास्त्र, तेही इंटरफेरोमेट्री, अनेक डिश जोडून एक मोठी दुर्बीण करायची पद्धत! जिथे फूरियर हा एखादा धडा नसतो, अख्खं दुकानच त्यावर चालतं.

तू डिश बघितल्यास, आतलं काम बघितलं नाहीस म्हणून सांगते. त्या ३० डिश आकाशाचा फोटो काढत नाहीत. दोन-दोन डिशच्या जोड्या लागतात, ३० डिशच्या ४३५ जोड्या, आणि प्रत्येक जोडी एका क्षणी आकाशाच्या चित्राचा फूरियरमधला फक्त एक तुकडा मोजते. जवळच्या जोड्या जाड पट्टे पकडतात, लांबच्या बारीक. १४ डिश मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात आहेत, बाकीच्या १६ वाय आकाराच्या तीन फाट्यांवर, सगळ्यात लांबची जोडी २५ किलोमीटरपर्यंत जाते. पृथ्वी फिरते तसे नवे तुकडे मिळत जातात, तरी मधे मोकळ्या जागा राहतातच आणि त्या मोकळ्या जागांमुळे चित्रात प्रत्येक तेजस्वी ठिपक्याभोवती खोटे ठिपके आणि पायांसारख्या रेघा उमटतात. ते काढायला क्लीन नावाची पद्धत आहे, १९७४ ची, आजही वापरतात. आता हे मी एका दमात लिहिलं, पण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला यातलं काहीच उमगलेलं नव्हतं. मला फक्त कमांड माहीत होत्या. ही टाइप कर, मग ती टाइप कर, चित्र येतं.

एकदा चित्रात एका तेजस्वी सोर्सच्या बाजूला एक फिकट ठिपका दिसला, कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही. तीन आठवडे मी हवेत होते. त्यावर तीन पानांचा मसुदाही लिहिला. गाईडसमोर प्रिंटआउट ठेवलं. त्यांनी मिनिटभर बघितलं, पेन्सिलने चित्रातल्या दुसऱ्या एका तेजस्वी सोर्सजवळ गोल केला आणि म्हणाले, असाच ठिपका इथेही आहे, तेवढ्याच अंतरावर, त्याच दिशेला, का? मी गप्प. मग म्हणाले, फळ्यावर एक साधा चौकोनी पल्स काढ आणि त्याचं फूरियर ट्रान्सफॉर्म काढून दाखव.

आला नाही. दोन ओळींचं इंटिग्रेशन आहे, उत्तरात मधे एक उंच डोंगर आणि बाजूला लहान लहान होत जाणाऱ्या लाटा, आणि त्या लाटा म्हणजेच माझा तो ठिपका. मी नापास झाले होते त्या पेपरातला हा प्रश्न होता. खडू हातात धरून मी उभी, आणि मला तो परीक्षेचा हॉल, तो पंखा, सगळं आठवलं. पाच वर्षं मी ज्या जागेला वळसा घालून चालले होते, ती जागा तिथेच माझी वाट बघत बसली होती.

त्यानंतर चार महिने मी डेटाला हात लावला नाही. पुस्तक पुन्हा विकत घेतलं, पहिल्या ओळीपासून. सायन आणि कोसाइन का घ्यायचे, दुसरं काही का नाही, इथून. त्या चार महिन्यांत फेलोशिप चालू होती, गाईड नाराज होते, माझ्या बरोबरीच्यांचे पेपर छापून येत होते. हे काम एकविसाव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं असतं रे. एका सुट्टीत! माझी पीएचडी सात वर्षं चालली, त्यातलं निदान दीड वर्ष मी त्या ५१ मार्कांचं कर्ज फेडत होते.

म्हणून तुला विचारते, स्टॅट मेकमध्ये कुठल्या ओळीत अडलास? तुला व्हाइट ड्वार्फ आणि न्यूट्रॉन ताऱ्यांवर, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गोळ्यांवर, काम करायचंय म्हणतोस. अरे, व्हाइट ड्वार्फ कशाच्या जोरावर उभा असतो? आतली आग विझलेली आहे, तरी तो कोसळत नाही, कारण इलेक्ट्रॉन एकाच जागेत दाटीने बसायला नकार देतात. हा हिशोब म्हणजे तुझ्या सिलॅबसमधला फर्मी गॅस, ज्यात तुझी दोनदा केटी लागली. तू त्या विषयाला शत्रू समजतोस आणि त्याच्याच घरी राहायला जायचं म्हणतोस, ते कसं जमणार? चंद्रशेखर १९३० साली १९ वर्षांचे असताना मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा याच हिशोबात डोकं घालून बसले होते. व्हाइट ड्वार्फचा हा हिशोब आधी केंब्रिजच्या फाउलरने केला होता, तो चांगलाच होता, जगाने मानलेला होता, पण त्यात इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा बराच कमी धरलेला. चंद्रशेखर त्या ओळीवर थांबले. वेग काढून बघितला तर ताऱ्याच्या पोटात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळतायत. मग हिशोब बदलला आणि त्यातून व्हाइट ड्वार्फच्या वस्तुमानाची ती मर्यादा निघाली, आपल्या सूर्याच्या सुमारे १.४ पट. प्रतिभा वगैरे आहेच, ती ना तुझ्या हातात ना माझ्या. ओळीवर थांबणं हातात आहे.

तू खगोलशास्त्रज्ञ जॉसलिन बेलबद्दल लिहिलंस की त्यासुद्धा लहानपणी नापास झाल्या होत्या. हो, अकराव्या वर्षीची ती परीक्षा त्या नापास झाल्या होत्या, खरं आहे. पण कृपा करून त्यातून "बघा, त्याही नापास" एवढंच घेऊ नकोस, त्याने पोट भरत नाही. त्या केंब्रिजला पीएचडी करत होत्या, दुर्बीण स्वतःच्या हाताने खांब ठोकून, तारा जोडून उभी केली आणि १९६७ मध्ये त्या दुर्बिणीतून रोज साधारण ३० मीटर कागद बाहेर पडायचा, तो त्या डोळ्यांनी तपासायच्या. त्या कागदावर एक बारीकसा खरवडल्यासारखा डाग होता. ताराही वाटेना, पृथ्वीवरचा गोंगाटही वाटेना. दुसऱ्या कोणी सोडून दिला असता, शेकडो फुटांत इवलासा डाग. त्यांनी सोडला नाही. परत गेल्या, जुने कागद काढले, आकाशात त्याच ठिकाणी तो पुन्हा सापडला, मग कागद जोरात पळवून बघितला तेव्हा दर १.३३ सेकंदाला एक ठोका. तो पहिला पल्सर, म्हणजे ठरावीक ठोके देत फिरणारा न्यूट्रॉन तारा. १९७४ चं नोबेल त्यांच्या गाईडना मिळालं, त्यांना नाही, आणि २०१८ मध्ये तीस लाख डॉलरचं बक्षीस मिळालं ते त्यांनी ज्यांना संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या पीएचडीसाठी देऊन टाकलं. न कळलेल्या डागाकडे परत जाणं, मला त्यांच्याकडून हे घ्यावंसं वाटतं.

आता तुझे व्यवहाराचे प्रश्न, भराभर सांगते. ५७ टक्के आहेत, बहुतेक ठिकाणी ५५ ची अट असते, म्हणजे दार बंद नाहीये. नेट, गेट, जेस्ट, आयनॅट जे जे भरता येईल ते भर, प्रत्येक संस्थेची जाहिरात नीट वाच, अटी वेगवेगळ्या असतात. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, हे आकडे वडिलांना स्पष्ट सांग, त्यांच्या गप्प बसण्यात बहुतेक हाच प्रश्न आहे. नोकरी करत अभ्यास केलास तरी मला चालेल, शिकवण्या घे, लाज कसली त्यात. एक तारीख मात्र ठरव, दीड वर्ष म्हण, आणि तोपर्यंत रोज सकाळी हा प्रश्न उकरून काढू नकोस.

मुलाखतीत मार्कशीटबद्दल विचारतील. विचारणारच. मी आमच्या विद्यापीठात तीन-चार वेळा त्या टेबलाच्या पलीकडे बसलीये. मुलं म्हणतात सर तेव्हा आजारी होतो, घरी प्रॉब्लेम होता. असेल, खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण एक मुलगी आली होती, ती म्हणाली, मला तेव्हा अमुक ठिकाणी कळलं नव्हतं, आता कळलंय, दाखवू का? उठून फळ्यावर गेली. मधे एका ठिकाणी अडली आणि म्हणाली, इथपर्यंत येतं, ही पुढची पायरी मला अजून पटत नाही. तिची निवड करायला आम्हाला दोन मिनिटं लागली. रिसर्च म्हणजे वेगळं काय असतं? सगळेच अडलेले असतात, ज्याला आपण कुठे अडलोय ते बोट ठेवून दाखवता येतं तो पुढे सरकतो.

तू पत्राच्या शेवटी विचारलंस, आणि विचारताना तुला संकोच वाटला हे अक्षरावरून कळतं, की मॅडम, तुम्ही एवढं करून कॉलेजातच का शिकवता. मला थिसिसनंतर युरोपातून पोस्टडॉकची ऑफर आली होती. मी गेले नाही. सगळ्यांना आईच्या तब्येतीचं कारण सांगितलं, आईला बरं नव्हतंच. पण मला भीती होती की तिथे पुन्हा कोणीतरी खडू हातात देईल. हे मी आजवर तीन माणसांना सांगितलंय, तू चौथा. तोपर्यंत फूरियर मला चांगलं येत होतं रे, कोणीही खडू दिला असता तरी आलं असतं! भीती मात्र गेली नव्हती, ती मी फार वर्षं जपली होती.

तरीही मी जे करते ते कमी आहे असं मला कोणी म्हणू नये. बावीस वर्षांच्या पोरांना मी फूरियर शिकवते, आणि एकालाही ५१ मार्कांवर सोडत नाही. सुट्टीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत जाऊन बसते, जीएमआरटीचा जुना डेटा काढून काम करते, तो ठरलेल्या मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुला होतो, तुझ्यासाठीसुद्धा. माझ्या वर्गातली दोन मुलं आज पीएचडी करतायत, दोघांच्याही मार्कशीटवर लाल रेघा आहेत. माझे नातेवाईक विचारतात काय मिळालं सात वर्षं घालवून. मला आकाशाचं चित्र कसं बनतं ते कळलं, तळापासून, आणि ते मी दुसऱ्याला देऊ शकते. यापेक्षा जास्त मला समजावता येत नाही आणि आता समजवायचंही नाहीये.

तर आता हे कर. फर्मी गॅसचं डेरिव्हेशन पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायला घे, पेटीतल्या एका इलेक्ट्रॉनपासून. माझा अंदाज सांगू? तू अवस्था मोजताना अडणार. गोलाचा आठवाच भाग का घ्यायचा, आणि मग दोनाने का गुणायचं, तिथे. अंदाज चुकला तर मला आनंदच आहे. जिथे पेन थांबेल तिथे थांब, पुढचं पान उलटून बघू नकोस, व्हिडिओ तर अजिबात लावू नकोस, तिथे तारीख टाक आणि खाली लिही की मला नेमकं काय कळत नाहीये. एक वाक्य, पण नेमकं. "बेसिक" हा शब्द त्यात आला तर मी उत्तर देणार नाही.

त्या पानाचा फोटो पाठव. रविवारी सकाळी मी घरी असते, दहानंतर फोन कर.

तुझी,
मॅडम