ट्यूब थांबवली की पुटकुळ्या दुप्पट

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. दोन वर्षांपासून गालांवर आणि कपाळावर पुटकुळ्या येतात. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, आठवड्यात चेहरा स्वच्छ झाला. पण लावायची थांबवली की पहिल्यापेक्षा जास्त उठतात. आता गाल लाल झालेत, उन्हात आग होते. काय करावं?
– एक आई, नाशिक

उत्तर : आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. गोरेपणासाठी म्हणून खपणाऱ्या मलमांत त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असतं. स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून चेहरा पटकन निवळतो. पण रोज लावत राहिलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात आणि स्टेरॉइडमुळेच नव्या पुटकुळ्या येतात. थांबवल्यावर दबलेली सूज उसळते, आणि घरचे म्हणतात, ‘हीच ट्यूब लागू पडते.’ चक्र इथेच सुरू होतं.

ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीतही चालेल. बरेच महिने लावली असेल तर ती कशी सोडायची हे त्यांनाच ठरवू द्या. पहिले काही आठवडे चेहरा जास्त वाईट दिसेल, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो गुपचूप पुन्हा तीच लावेल.

लाली आणि आग शमली की मुरमांचा खरा उपचार. साधारणपणे रात्री अ‍ॅडापेलीन ०.१ टक्का आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के देतात. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवायचा, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मग मटारच्या दाण्याएवढं जेल कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर पसरायचं. फक्त फोडावर ठिपका लावून उपयोग नाही, कारण पुढची पुटकुळी शेजारच्या बुजलेल्या छिद्रात आधीच तयार होत असते. सुरुवातीला एक दिवसाआड लावा. सोलायला लागलं तर मॉइश्चरायझर लावा, दिवसांचं अंतर वाढवा, पण सोडून देऊ नका. बेन्झॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरट पडतो, म्हणून जुनेच वापरा. फरक कळायला ८ ते १२ आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच हार मानतात, आणि उपचार फसण्याचं सर्वांत मोठं कारण आमच्या मते हेच.

क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल एकटं वापरू नये. जंतू त्याला दाद देईनासे होतात. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांनी चेहरा भाजतो. कपाळावर ओघळणारं केसांचं तेलही छिद्रं बुजवतं. आणि पुटकुळ्या एकसारख्या, बारीक आणि खाज सुटणाऱ्या असतील तर ते मुरूम नसून बुरशीही असू शकते. मग अँटिबायोटिकने त्या वाढतात.

प्रश्न : मी १९ वर्षांची, वजन ५० किलो. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन २० मिलिग्रॅम सुचवलंय. नेटवर वाचून भीती वाटते.
– वाचक, सोलापूर

उत्तर : गाठींसारखे, खड्डे पाडणारे मुरूम असतील तर याच्याइतकं परिणामकारक दुसरं औषध नाही. नेहमीचा एक हिशेब म्हणजे एकूण मात्रा किलोमागे १२० मिलिग्रॅम. तुमच्यासाठी ६,००० होतात, म्हणजे रोज २० प्रमाणे ३०० दिवस. अलीकडे कमी मात्राही देतात. गोळी जेवणासोबत घ्या. स्निग्ध पदार्थांबरोबर ती नीट शोषली जाते. ओठ फुटणारच, व्हॅसलीन जवळ ठेवा. सुरू करण्याआधी आणि नंतरही यकृताची आणि चरबीची रक्ततपासणी लागते.

भीती बाळगायची ती एकाच गोष्टीची, गर्भधारणेची. बाळात गंभीर व्यंग येतं, त्यामुळे औषध चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. लग्न ठरत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सोबत डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेऊ नका, त्याने डोक्यातला दाब वाढू शकतो. मन फार उदास वाटू लागलं तर लगेच कळवा. चेहऱ्याचं वॅक्सिंग मात्र पूर्ण बंद; केसांसोबत कातडी निघते. पार्लरवाल्या ताईंना हे आधीच सांगून ठेवा.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर गोळी सुरू करण्याआधीच तेही सांगा. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड असेल तर उपचाराची दिशा बदलू शकते.