वाचक विचारतात : छपरावरची डिश आणि आकाशातला उपग्रह

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये डिशविषयीच्या तक्रारींची भर पडते आणि यंदाही तसेच झाले आहे. मिळत्याजुळत्या पत्रांतून एकेक प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. वरवर निरनिराळ्या वाटणाऱ्या या शंकांपैकी बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : उपग्रहाकडून आपल्या छपरापर्यंत पोहोचणारा संकेत अतिशय क्षीण असतो, आणि तो हरवायला फारसे काही घडावे लागत नाही.

प्रश्न (वाचिका, डिचोली) : मुंबईच्या स्टुडिओत वाचली जाणारी बातमी आमच्या पडद्यावर येईपर्यंत कोणकोणत्या टप्प्यांतून जाते? शिवाय उपग्रह जर पृथ्वीभोवती फिरत असतो, तर आमची डिश एकाच जागी पक्की बसवून कशी चालते?

उत्तर : आधी दुसरी शंका घेतो, कारण पहिलीचे उत्तर तिच्यावरच उभे आहे. विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी घालायला २३ तास ५६ मिनिटे लागतात आणि पृथ्वीलाही स्वतःभोवती एकदा फिरायला तेवढाच वेळ लागतो. उपग्रह सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगाने धावत असतो खरा, परंतु त्याच्याखाली आपणही त्याच लयीत फिरत असल्यामुळे तो आकाशातील एका बिंदूवर थांबल्यासारखा भासतो. तो तिथे आपोआप मात्र राहत नाही. सूर्यचंद्राच्या ओढीने तो हळूहळू सरकत जातो आणि त्याला जागेवर आणण्यासाठी कर्नाटकातील हासन येथील इस्रोच्या नियंत्रण केंद्रातून आज्ञा पाठवून त्याच्यावरील लहान इंजिने क्षणभर चालवावी लागतात. हे इंधन संपत आले की, साधारण बारा-पंधरा वर्षांनी, उपग्रहाची सेवा संपते. यंत्रे धडधाकट असली तरीही.

आता बातमीचा प्रवास पाहू. तो एका उडीत होत नाही. वाहिनीच्या केंद्रातून मोठ्या डिशद्वारे संकेत एका उपग्रहाकडे जातो आणि तिथून देशभरातील केबलचालकांकडे व डीटीएच (म्हणजे उपग्रहावरून थेट घरी वाहिन्या पोहोचवणाऱ्या) कंपन्यांच्या केंद्रांकडे उतरतो. डीटीएच कंपनी अशा शेकडो वाहिन्या गोळा करते, संगणकाच्या साह्याने त्यांचे आकारमान घटवते, त्यांना सांकेतिक कुलूप घालते आणि गठ्ठ्यागठ्ठ्याने आपण वापरत असलेल्या उपग्रहाकडे पुन्हा वर पाठवते. या उपग्रहावरील ट्रान्सपाँडर नावाची यंत्रणा तो संकेत झेलते, त्याची वारंवारता बदलते, त्याला बळ देते आणि साऱ्या देशावर पसरवते. वारंवारता बदलणे आवश्यक असते, कारण उपग्रह ज्या वारंवारतेवर ऐकतो तिच्यावरच बोलू लागला तर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईल.

एका ट्रान्सपाँडरची शक्ती शंभर-दीडशे वॅटच्या आसपास असते, म्हणजे जुन्या काळी ओसरीवर टांगलेल्या पिवळ्या बल्बाएवढी. तेवढ्या शक्तीत त्याने काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा प्रदेश झाकायचा असतो. आपल्या वाट्याला येणारा संकेत किती सूक्ष्म असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येईल. आपली डिश हा विखुरलेला संकेत एका बिंदूवर गोळा करते. त्या बिंदूवर दांडीच्या टोकाला बसवलेला एलएनबी त्याला वाढवतो आणि अकरा-बारा गिगाहर्ट्झची वारंवारता ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणतो, कारण मूळ वारंवारतेचा संकेत साध्या केबलमधून फार दूर धड जाऊ शकला नसता. पुढचे काम सेट टॉप बॉक्स करतो : कुलूप उघडणे, वाहिनी वेगळी काढणे, चित्र पुन्हा उलगडणे.

प्रश्न (वाचक, वाळपई) : जुलैत पाऊस सुरू झाल्यावर चित्र जाते हे समजू शकते, पण ऑक्टोबरच्या संध्याकाळी घरावर एक थेंब पडलेला नसताना चित्र जाते, आणि जुलैत पाऊस थांबल्यावरही बराच वेळ परत येत नाही. डिशमध्ये दोष आहे का?

उत्तर : डिश निर्दोष असण्याची शक्यताच अधिक आहे. आपल्या घरातील डिश ज्या लहरी पकडते त्यांची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. पावसाच्या टपोऱ्या थेंबांना अशा लहरी शोषून घेणे आणि इतस्ततः विखुरणे सहज जमते. परंतु त्यासाठी पाऊस आपल्या घरावरच पडायला हवा असे नाही. तो लहरींच्या वाटेत असला की पुरे.

ही वाट कोणती ते पाहू. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश सेवा ज्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गोव्यातून पाहिल्यास तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर येतो आणि आपल्यापासूनचे त्याचे तिरके अंतर सुमारे ३६,५०० किलोमीटर भरते. पावसाचे थेंब साधारणपणे पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतात असे धरले, तर या तिरक्या वाटेवरचा पाऊस आपल्या घरापासून आग्नेयेला जवळजवळ पावणेतीन किलोमीटरपर्यंत कोठेही असू शकतो. एवढ्या प्रचंड प्रवासातील शेवटचे पाच-सहा किलोमीटरच काय ते अडथळ्याचे, आणि तेच आपल्याला नडतात.

आपल्या दोन्ही अनुभवांचा उलगडा यातून होतो. ऑक्टोबरातील गडगडाटी पाऊस सह्याद्रीच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून खाली उतरतो. त्यामुळे तो आपल्या अंगणात पोहोचण्याआधीच लहरींच्या वाटेत उभा राहतो. जुलैतील सरी समुद्रावरून येऊन घाटाकडे सरकतात. आपल्या डोक्यावरून गेलेली सर मग आणखी काही वेळ नेमक्या आग्नेयेकडच्या वाटेतच घुटमळते. माझ्या घरी तर ऑक्टोबरात चित्राचे चौकोन पडू लागले की वाळत घातलेले कपडे आत आणण्याची प्रथाच पडली आहे, आणि हा अंदाज सहसा चुकत नाही.

चित्र हळूहळू अंधुक न होता एकदम का फुटते, असेही आपण लिहिले आहे. पूर्वीच्या ॲनालॉग प्रक्षेपणात संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या दिसत, परंतु माणूस ओळखू येई. आताच्या अंकीय (डिजिटल) संकेतासोबत चुका दुरुस्त करण्याची जादा माहिती पाठवलेली असते आणि तिच्या बळावर बॉक्स बऱ्याच मर्यादेपर्यंत निर्दोष चित्र दाखवत राहतो. ती मर्यादा ओलांडली की मात्र दुरुस्ती अशक्य होते आणि चित्र कड्यावरून पडल्यासारखे जाते. म्हणून बॉक्सवरील संकेताची माहिती देणाऱ्या पानावर ‘स्ट्रेंग्थ’पेक्षा ‘क्वालिटी’ची पट्टी पाहावी, आणि ती मे महिन्यात, आकाश निरभ्र असतानाच पाहावी. तेव्हाच ती मर्यादेच्या जेमतेम वर असेल तर पावसाळ्यात टिकाव लागणार नाही. डिश अचूक जुळवून घेणे हा पहिला उपाय, आणि ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची डिश लावणे हा दुसरा. व्यास दीडपट झाला की संकेत गोळा करणारे क्षेत्रफळ सव्वादोनपट होते. डिशवर प्लास्टिक पांघरण्याचा प्रकार मी अनेक घरांवर पाहिला आहे. तो कृपया करू नये, कारण ओल्या प्लास्टिकवरचा पाण्याचा थर स्वतःच लहरी अडवतो.

प्रश्न (वाचिका, मडगाव) : मग त्याच पावसात शेजाऱ्यांचे केबल कसे चालू राहते?

उत्तर : केबलवाल्याकडेही वाहिन्या मुख्यतः उपग्रहावरूनच येतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फरक इतकाच की त्याच्या गच्चीवरील मोठमोठ्या डिश बहुधा सी बँडच्या लहरी घेतात. त्यांची लांबी सात-आठ सेंटिमीटर असते आणि पाऊस त्यांना फारसा अडवू शकत नाही. १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये आणि त्याच वर्षी स्टार टीव्हीच्या वाहिन्या भारतात येऊ लागल्या, तेव्हा इमारतींच्या गच्च्यांवर उभ्या राहिलेल्या अवाढव्य डिश याच लहरींसाठी होत्या. अर्थात केबलचे दुखणे वेगळे असते : माडाची झावळी तारेवर पडली की साऱ्या वाड्याचे चित्र जाते.

प्रश्न (वाचक, साखळी) : गोव्यातील काही स्थानिक वाहिन्या केबलवर दिसतात, परंतु माझ्या डिशवर दिसत नाहीत. असे का?

उत्तर : स्थानिक वाहिनीला उपग्रहापर्यंत जाण्याची गरजच नसते, तिचा संकेत जमिनीवरून थेट केबलच्या केंद्रात देता येतो. उपग्रहावरील जागा मर्यादित व महाग असते, आणि एका राज्यापुरत्या वाहिनीसाठीही ती साऱ्या देशावर खर्च करावी लागते.

प्रश्न (वाचक, काणकोण) : आमची डिश सरळ शेजाऱ्यांच्या माडाच्या बुंध्याकडे पाहते, तरी चित्र उत्तम येते, उलट उंच झावळ्या वाढल्या तेव्हा ते गेले. हे कसे?

उत्तर : घरगुती डिश ज्या दिशेने तोंड करून दिसते, त्या दिशेकडून ती लहरी घेत नाही. तिचा आकार मोठ्या परवलयाच्या, म्हणजे लहरी एका बिंदूवर आणणाऱ्या खोलगट वाडग्याच्या, मधल्या भागाचा नसून एका बाजूच्या तुकड्याचा असतो. म्हणूनच एलएनबी समोर मध्यभागी नसून खालच्या दांडीवर असतो आणि त्याची सावली डिशवर पडत नाही. परिणामी डिश वाटते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश अधिक वर पाहत असते. बुंधा आपल्या वाटेत कधी नव्हताच, झावळ्या आल्या. माड शेजाऱ्यांचा असल्यामुळे झावळ्या काढण्यापेक्षा डिश दोन-तीन मीटर बाजूला सरकवून पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न (वाचिका, फोंडा) : डिश केवळ घेते, पाठवत नाही, असे ऐकले आहे. मग मी रीचार्ज केल्याचे माझ्या बॉक्सला कसे कळते? आणि मी काय पाहते हे कंपनीला कळते का?

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. रीचार्ज फोनवरून किंवा दुकानातून थेट कंपनीच्या संगणकात नोंदले जाते. त्यानंतर कंपनी आपल्या कार्डाच्या क्रमांकाच्या नावे एक छोटा सांकेतिक संदेश उपग्रहावरून सोडते. तो संदेश वस्तुतः देशातील सर्वच बॉक्सवर येऊन पडतो, पण ज्याचा क्रमांक जुळतो तोच बॉक्स त्याप्रमाणे वाहिन्यांचे कुलूप उघडतो. असे संदेश काही काळच पुन्हापुन्हा सोडले जातात, म्हणून रीचार्ज केल्यावर बॉक्स चालू ठेवावा. मुख्य बटण बंद करून गावाला गेलेल्यांचे परतल्यावर वाहिन्या न दिसल्याबद्दल होणारे वाद बहुधा यातूनच निर्माण होतात.

बॉक्स इंटरनेटला जोडलेला नसेल, तर आपण काय पाहता ते डिशमार्फत कोणालाही कळू शकत नाही. प्रेक्षकसंख्येचे आकडे बार्क ही संस्था निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून काढते. वाहिन्यांच्या ध्वनीत कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते आणि तो मीटर ती ओळखतो.

प्रश्न (वाचक, बाणावली) : फुटबॉलच्या सामन्यात गोल झाल्याचा जल्लोष पलीकडच्या घरातून आधी येतो आणि आमच्याकडे गोल नंतर होतो. उपग्रह दूर असल्यामुळे का?

उत्तर : उपग्रहाला उगाच दोष दिला जातो. वर जाऊन खाली यायला संकेताला जेमतेम पाव सेकंद लागतो. मैदानापासून वाहिनीपर्यंत, वाहिनीपासून डीटीएच कंपनीपर्यंत आणि कंपनीपासून घरापर्यंत अशा तीन उड्या धरल्या, तरी पाऊण सेकंदच होतो. खरा वेळ जमिनीवर जातो : चित्राचे आकारमान घटवताना यंत्राला अनेक चौकटी (फ्रेम) एकत्र पाहाव्या लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर काही सेकंद साचतात. ही साखळी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. मोबाइलवर सामना पाहणाऱ्यांचा गोल बहुधा सर्वांत शेवटी होतो.

प्रश्न (वाचिका, पेडणे) : मार्चमध्ये निरभ्र आकाश असताना सकाळी अकराच्या सुमारास काही दिवस थोडा वेळ चित्र बिघडत होते, मग आपोआप सुधारले.

उत्तर : त्या दिवसांत सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि सूर्याच्या स्वतःच्या रेडिओलहरींत उपग्रहाचा क्षीण संकेत बुडतो. गोव्याच्या अक्षांशावर हा योग मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना येतो. ९३.५ अंशांवरील उपग्रहासाठी वेळ अकराच्या सुमारास, तर ८३ अंशांवरील उपग्रहासाठी ती दुपारी बाराच्या जवळपास. काही करू नये. डिश हलवू तर मुळीच नये.

प्रश्न (वाचक, कळंगुट) : निम्म्या वाहिन्या स्वच्छ दिसतात आणि निम्म्या अजिबात दिसत नाहीत. दुरुस्तीला आलेल्या मुलाने एलएनबी बदलला, तरी फरक नाही.

उत्तर : उपग्रह वारंवारतांच्या एकाच पट्ट्यात दुप्पट वाहिन्या बसवण्यासाठी लहरी उभ्या व आडव्या अशा दोन प्रकारे पाठवतो. त्यांपैकी कोणत्या घ्यायच्या हे बॉक्स एलएनबीला त्याच केबलमधून वीज पाठवून सांगतो : उभ्यासाठी १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८ व्होल्ट. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने केबलच्या टोकाचा कनेक्टर गंजला की वाटेत व्होल्टेज घटते, १८ व्होल्ट वरपर्यंत पोहोचत नाहीत आणि आडव्या लहरींवरच्या साऱ्या वाहिन्या एकदम नाहीशा होतात. बॉक्स बंद करून डिशकडील कनेक्टर काढून पाहावा. आतल्या तांब्याच्या तारेवर हिरवट थर दिसला तर केबलचे टोक वीतभर कापून नवा कनेक्टर लावावा, त्याच्यावर रबरी टोपी किंवा जलरोधक टेप घट्ट बसवावी, आणि केबल एलएनबीकडून खाली येताना तिला एक सैल वळसा ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी कनेक्टरकडे न जाता त्या वळशाच्या तळावरून गळून जाईल.