कुजणाऱ्या गोष्टी जंगलात टाकल्या तर काय बिघडतं?

प्लॅस्टिक आम्ही परत आणतोच, पण फळांच्या साली, टिश्यू, उरलंसुरलं खाणं झाडाखाली टाकलं तर काय हरकत, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं डोंगर-जंगलं फिरतोय आणि वाटेवरचा कचरा जमेल तसा उचलतोय. माझं स्पष्ट मत आहे की हरकत आहे, आणि मोठी आहे.

कुजायला ऊब, ओल आणि जिवंत माती लागते. खतखड्ड्यात हे सगळं असतं, म्हणून तिथे साल लवकर जिरते. उघड्या कातळावर किंवा थंड, कोरड्या उंचीवर तीच साल वाळून चामड्यासारखी होते आणि महिनोन् महिने तशीच पडून राहते. तोवर मागून येणारे कितीतरी लोक ती बघून जातात, आणि त्यांच्यातले काही मग आपलाही कचरा तिथेच टाकतात. हा नुसता अंदाज नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९० साली प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत: आधीच कचरा पडलेल्या जागी लोक हातातला कागद जास्त सहज टाकून देतात.

मला खरी काळजी वाटते ती प्राण्यांची. खरकट्याचा वास त्यांना लांबून येतो आणि त्यातलं मीठ, साखर, तेल त्यांना आवडतं. एकदा चटक लागली की ते रस्त्याच्या, तंबूंच्या आसपास घुटमळायला लागतात, माणसाची भीती जाते. मग कुणी गाडीखाली येतं, कुणी पिशव्या फाडतं, आणि शेवटी ‘उपद्रवी’ म्हणून पकडलं किंवा मारलं जातं ते त्या जनावरालाच.

शिवाय आपण कुजणारं समजतो त्यातलं बरंचसं कुजणारं नसतंच. ओले वाइप्स कागदासारखे दिसतात, पण पुष्कळ वाइप्समध्ये प्लॅस्टिकचे धागे असतात. सिगारेटच्या थोटकातला फिल्टर कापसासारखा मऊ लागतो, पण तो असतो सेल्युलोज ॲसिटेट, म्हणजे प्लॅस्टिकच. त्यात साठलेलं निकोटिन पावसाबरोबर पाण्यात उतरतं. खाऊचं चमकदार वेष्टन शेकोटीत टाकलं तर विषारी धूर होतो आणि आतल्या ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे राखेत शिल्लक राहतात. थंड झालेली राख काडीने उकरून बघा, चमचमताना दिसतील.

बाटलीचं तर विचारूच नका. तोंड वर करून तिरकी पडलेली बाटली उचलली की मी आधी आत बघतो. वासाने चिचुंद्री किंवा उंदीर आत शिरतो आणि निसरड्या भिंतीवरून त्याला वर चढता येत नाही. तो मेला की त्या वासाने भुंगेरे येतात, तेही आतच अडकतात. एका बाटलीच्या तळाशी मला बारीक हाडं आणि भुंगेऱ्यांच्या पंखांची टरफलं यांचा काळा लगदा सापडला होता. म्हणून बाटली मिळाली की ती दुसऱ्या कुणाची का असेना, उचलाच.

उपाय बहुतेक घरीच करायचा असतो. खाऊ पाकिटातून काढून डब्यात भरून न्या, म्हणजे पाकिटाचा फाडलेला कोपरा वाऱ्यावर उडणारच नाही. मला वाटेवर सगळ्यात जास्त सापडतात ते हेच कोपरे, आणि टाकणाऱ्याच्या ते ध्यानातही आलेलं नसतं. साली आणि खरकट्यासाठी घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा ठेवा. शौचाला जायचं झालं तर पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून नंतर बुजवा, पण वापरलेला टिश्यू बंद पिशवीत घालून परत आणा. पुरलेला टिश्यू जनावरं उकरून काढतात. जिथे मातीचा थर पातळ किंवा गोठलेला असतो तिथे खड्ड्याचाही उपयोग नाही, विष्ठासुद्धा सोबत न्यावी लागते. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण बंद पिशवी असली की सवय होते.

आणि पायथ्याची कचरापेटी भरलेली असेल तर तिच्या शेजारी पिशवी टेकवून निघू नका. रात्रीतून जनावरं ती फाडतात आणि सकाळी सगळं पुन्हा रानात पसरलेलं असतं. पिशवी घरापर्यंत न्या.