सांगाड्यापासून सुरुवात कर

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. मार्कोपोलो कंपनीचा इतिहास लिहिण्याचे तू मनावर घेतलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. तुझ्या आराखड्यातली सनावळी चोख आहे : १९४९ मध्ये ब्राझीलमधल्या काशियास दो सुल येथे निकोला बंधूंनी सुरू केलेला कारखाना, पुढे मार्कोपोलो नावाची बस, १९७१ मध्ये कंपनीनेच घेतलेले ते नाव आणि २००६ मधली टाटा मोटर्सबरोबरची भागीदारी. सांगाड्याविषयी मात्र त्यात एक ओळही नाही, आणि बसबॉडी बांधणाऱ्या कंपनीचा खरा इतिहास माझ्या मते तिथेच असतो.

बॉडी बांधणाऱ्याकडे चासी, म्हणजे इंजिन आणि चाके बसवलेला गाडीचा उघडा पाया, दुसऱ्याच्या कारखान्यातून येते. चालक उघड्यावर बसून नुसती चासी हाकत नेतो, हे दृश्य तू मुंबई-पुणे रस्त्यावर पाहिलेच असशील. त्या चासीवर आडवे बीम टाकून ते यू आकाराच्या बोल्टने आवळतात. चासीच्या लांब बीमला मनाला येईल तिथे वेल्डिंग करायचे नाही किंवा भोक पाडायचे नाही, कारण तिथूनच पुढे तडा जातो. खराब रस्त्यावर चासी पिळवटते आणि तो पीळ बॉडीला सोसावा लागतो. तो जिथे सोसवत नाही, ती जागा बहुधा खिडकीचा किंवा दरवाजाचा कोपरा असते. जुनी बस पाहायला मिळाली, तर रंगाकडे जाण्याआधी ते कोपरे बघ. बांधणाऱ्याला काय कळले होते, हे तिथे वाचता येते.

मार्कोपोलोच्या सुरुवातीच्या बॉड्या लाकडी होत्या आणि नंतर पोलाद आले. हा बदल एका वाक्यात उरकू नकोस. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, तिची बॉडीही लाकडीच होती. पुढे दापोडीच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे ॲल्युमिनियमच्या बॉड्या बांधल्या गेल्या. वजनाला हलक्या, गंजाला दाद न देणाऱ्या, पण जबर धडकेत पत्रा फाटून प्रवाशांना इजा होण्याचा धोका असलेल्या. म्हणून अलीकडे एसटी माइल्ड स्टीलकडे, म्हणजे साध्या पोलादाकडे वळली. वजन, डिझेल आणि प्रवाशाचा जीव यांचा मेळ प्रत्येक काळात कसा घातला गेला, हा प्रश्न तू ब्राझीललाही विचार.

नियमांचे प्रकरण थोडक्यात आटोपले तरी चालेल, परंतु बस उलटवण्याच्या चाचणीला जागा दे. तिच्यात बस ८०० मिलिमीटर उंचीच्या कडेवरून कलंडवतात आणि प्रवाशांभोवतीची ठरावीक जागा सांगाड्याने शाबूत ठेवली का, ते तपासतात. १९६६ मध्ये स्थापन झालेली, वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआयसारखी संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. तिथल्या अभियंत्यांना भेटीसाठी रीतसर पत्र लिही.

टाटा-मार्कोपोलो भागीदारीचा धारवाडचा कारखाना आणि त्या भागीदारीतला पुढे टाटांनी विकत घेतलेला मार्कोपोलोचा ४९ टक्के हिस्सा, हे शेवटच्या प्रकरणात येईल. त्याला विजय किंवा पराभव ठरवण्याची घाई नको. चासी बनवणाऱ्याला बॉडीही स्वतःच्या हाती का हवी असते, ते आधी शोध. त्यापूर्वी परवानगी काढून दापोडीला जा, वेल्डरशेजारी दिवसभर उभा राहा आणि तिथली टिपणे मला पाठव. १९४९ ते १९७१ चे प्रकरण आपण त्यानंतर एकत्र बसून वाचू.

तुझा,
एक जुना बॉडी-बिल्डर