सोळा वर्षांच्या मुलाला नाकाबंदीत पोलिसांनी अडवलं तर त्यानं काय करावं, हे कसं शिकवायचं?

आधी 'बाबांचं नाव सांग, साहेब ओळखीचे आहेत' हे शिकवणं थांबवा. यावरून माझे पुष्कळांशी वाद झालेत, मत तेच आहे. ओळख सांगितली की हवालदाराचा आवाज चढतो, पोराचा त्याहून चढतो आणि चलानावर मिटणारी गोष्ट चौकीत जाते.

हात दाखवला की थांबायचं. खरा धोका वळून सुसाट निघण्यात आहे. गाडी कडेला, इंजिन बंद, हात दिसतील असे. डिकीत हात घालण्याआधी 'कागद आत आहेत, काढू का?' असं विचारायचं. डिजिलॉकरमधली आरसी चालते, गॅलरीतला तिचा फोटो चालत नाही. स्क्रीन दाखवावी, उघडा फोन हातात देऊ नये. पालकांचा नंबर पाठ हवा, फोन काढून घेतला तर तोच कामाला येतो.

आता मुख्य गोष्ट: वय. घाबरलेली पोरं 'अठरा पूर्ण' असं ठोकून देतात आणि तिथंच फसतात, कारण त्यांचं सगळं संरक्षण अठराच्या आत असण्यात आहे. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे अशा मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, त्याला विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. याच कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांत बेडी घालायला आणि जबाबावर सही घ्यायला मनाई आहे. म्हणून मुलानं एवढंच म्हणावं: 'मी सोळा वर्षांचा आहे, आईबाबांना कळवा, ते आल्यावर बोलतो.' नाव-पत्ता मात्र खरा सांगायचा.

वयाच्या पुराव्यात बाल न्याय कायद्याचं कलम 94 सगळ्यात आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र धरतं, ते नसेल तर नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला. आधार त्या यादीत नाही, आणि चौकीत धावत येणारे पालक नेमकं तेच घेऊन येतात.

मुलगी असेल तर महिला पोलीस बोलवा असं तिनं स्पष्ट म्हणावं.

हे सगळं नियमाचं झालं. रात्री अकराला चौकात नियम ऐकवत बसू नये. तिथं नेमप्लेटवरचं नाव लक्षात ठेवावं, तक्रार नंतर लेखी द्यावी.

आणि हो, सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचा. 110 सीसीची स्कूटर तुम्हीच दिली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली आरोपी तुम्ही: 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.